चपलांच्या खिडकीवर सरहिंदची लढाई

हे वाचून कुणी युबा सिटीला जायचं ठरवणार असेल तर आधीच सांगते, दोन गोष्टी करा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्या गावात काय असतं ते नीट पाहून घ्या, आणि सोबत माझे बाबा नेऊ नका. मी दोन्ही चुका एकदम केल्या.

बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सनीव्हेलला आले होते. नांदेडच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत, फक्त वर्ग बदलला. आता वर्गात मी, माझी बारा वर्षांची लेक रेवा आणि सापडेल तो पाहुणा. गोल्डन गेट दाखवला तर म्हणाले, "बरा आहे." योसेमिटीला नेलं तर धबधब्याकडे पाठ करून एका गुजराती काकांना पानिपत समजावत बसले. त्यांना अमेरिकेत एकच जागा बघायची होती, आणि ती कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नाही. पीच आणि अक्रोडांच्या बागांमधलं युबा सिटी. तिथं शंभराहून जास्त वर्षं पंजाबी शेतकरी राहतात, तिथल्या एका गुरुद्वाऱ्यात लहानसं ग्रंथालय आहे, आणि बाबांना त्या ग्रंथालयात आपली वही ठेवायची होती.

या वहीनं आमच्या घराला पंधरा वर्षं छळलंय. जाड पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर, वर लाल शाईत 'नांदेडचा बैरागी'. बैरागी म्हणजे बंदा बहादूर. जम्मूकडचा एक तरुण शिकारीला जातो, त्याच्या बाणानं गाभण हरिणी मरते, त्याचं मन उडतं, आणि तो फिरत फिरत आमच्या गोदावरीच्या काठी येऊन मठ बांधून राहतो. तिथं त्याला शिखांचे दहावे गुरू भेटतात. पुढे तोच माणूस गुरूंचे पाच बाण, एक निशाण आणि एक नगारा घेऊन पंजाबात जातो, सरहिंद घेतो आणि मोगलांना घाम फोडतो. आमच्या घरात ही गोष्ट पोहे, चहा आणि वीजबिल यांच्यासोबत रोज असायची. मला ती ऐकायची नसायची. शाळेत असतानाही नाही, आणि लग्न होऊन वीस वर्षं झाल्यावर तर अजिबातच नाही.

मराठवाड्यातल्या कुणीही ती वही छापली नाही. मधल्या काळात बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. समोरचा माणूस कडेनं दिसतो, मध्ये धूसर डाग. स्वतःचं अक्षरही आता त्यांना वाचता येत नाही. परत जायचं विमान शुक्रवारचं होतं. म्हणून शेवटच्या रविवारी मी हो म्हटलं. नवरा कामानं ऑस्टिनला गेला होता, रेवाची सॉकरची मॅच कॅन्सल झाली होती, म्हणजे माझ्याकडे एकही सबब उरली नव्हती.

त्याच रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागं जातात. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, बाबांचं मनगटावरचं बदलत नाही. त्यामुळे ते पाच वाजता कोट, टोपी घालून, वही छातीशी धरून सोफ्यावर बसले होते, आणि खरे चार वाजले होते.

"बाबा, झोपा ना अजून."

"तू उशीर करायलीस," ते म्हणाले.

साडेसहाला निघालो. रस्ता सांगते: सहाशे ऐंशी धरून बेनिशियाच्या पुलावर जायचं, आठेक डॉलर टोल, तो टॅगमधून आपोआप कापला जातो. मग ऐंशी नंबरचा हायवे डेव्हिसपर्यंत, तिथून एकशे तेरा उत्तरेला वुडलंडवरून. रस्ते रिकामे असले तर तीन तासांच्या आत पोचता. वाटेत व्हॅकाव्हिलला थांबा, तिथं बाथरूम स्वच्छ आहेत आणि कॉफी बरी मिळते. वुडलंडनंतर थांबायला काही नाही, सरळ सपाट शेतं. कापणी झालेल्या भातखाचरांत पाणी सोडलेलं असतं आणि त्यात पांढऱ्या बदकांचे हजारो थवे उतरतात. मी ते बघायला काच खाली केली. बाबांनी वर करायला लावली, कारण वाऱ्यात त्यांचं बोलणं ऐकू जात नव्हतं.

बोलणं म्हणजे मोहीम. मिल्पिटासला बैरागी नांदेडहून निघाला. बेनिशियाच्या पुलावर तो खानदेशात होता. फेअरफिल्डला ट्रॅफिक तुंबलं तेव्हा तो दिल्लीच्या अलीकडे एका खेड्यात थांबून माणसं जमवत होता. "सोबत किती जण होते?" असं बाबा विचारायचे आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगायचे, "पंचवीससुद्धा नव्हते! आणि वाटेत शेतकरी येऊन मिळायले." डेव्हिसला कैथलचा खजिना लुटला. त्या प्रवासाला त्याला वर्षभर लागलं म्हणतात. मला वाटलं, आम्हालाही लागणार.

"मॉम, इज देअर अ टेस्ट ऑन धिस?" रेवानं मागून विचारलं.

"आहे," बाबा म्हणाले. "नाणं पाडलं तेव्हा त्यानं नाण्यावर कुणाचं नाव घातलं?"

"हिज ओन?"

"चूक. गुरूंचं. स्वतःचं नाही. लिहून ठेव."

रेवानं हेडफोन लावले. मला लावता येत नव्हते, मी गाडी चालवत होते.

युबा सिटीच्या पाच मैल अलीकडे गाड्या थांबल्या. मला वाटलं अपघात. मग बाजूच्या गाडीत केशरी फेटे दिसले, पुढच्या गाडीत केशरी फेटे, त्याच्या पुढे ट्रकच्या हौद्यात वीस-पंचवीस केशरी फेटे. रस्त्यावर पोलीस आडवा उभा. त्यानं काच खाली करायला सांगितली आणि अगदी हसून म्हणाला, "नो थ्रू ट्रॅफिक टुडे, मॅम. इट्स द परेड."

नगरकीर्तन! शिखांची वर्षातून एकदा निघणारी मिरवणूक. कॅनडापासून माणसं येतात, गाव ठासून भरतं. मी नांदेडची मुलगी. होळीच्या दिवसांत शिखांच्या मिरवणुकीमुळे आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा निघत नाही हे मला जन्मापासून माहीत आहे, आणि तरी निघण्याआधी दिवस बघायचं मला सुचलं नाही. मी स्वतःला चार शिव्या दिल्या आणि बाबांकडे वळले. ते खिडकीबाहेर बघत होते. दिसत काही नव्हतं, तरी बघत होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

एका पीचच्या बागेत मालकानं पार्किंग केलं होतं. पिवळ्या पानांखाली गाड्यांच्या रांगा, वीस डॉलर, रोख. रोख माझ्याकडे नव्हती. अमेरिकेत कुणाकडे असते? शेवटी रेवाच्या दिवाळीच्या पाकिटातून दिले. ती म्हणाली, "यू ओ मी." तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून दीड मैल. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला ट्रॉलीत चढवताना माझी कंबर गेली ती अजून जागेवर नाही. बाबांची टोपी बघून एका बाईंनी विचारलं, कुठून आलात.

"नांदेडसे," बाबा म्हणाले.

झालं. शिखांसाठी नांदेड म्हणजे हजूर साहिब, दहाव्या गुरूंचा शेवटचा मुक्काम. ट्रॉली थांबली. त्या बाईंनी बाबांच्या पायाला हात लावला, मग त्यांच्या सुनेनं, मग ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं खाली उतरून. तिथून पुढे प्रत्येक पावलावर हेच. बाबा कुणी न विचारताही नांदेडसे आया हूँ म्हणायला लागले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हातात एक द्रोण ठेवायचं. भजी, छोले, जिलबी, उसाचा रस, मक्याची रोटी. सगळं फुकट, आणि नको म्हणायची सोय नाही. मी पहाटे उठून केलेले मेथीचे पराठे पिशवीत तसेच राहिले.

"मॉम, दे आर लिटरली फोर्सिंग पिझ्झा ऑन मी," रेवा म्हणाली. तिच्या डोक्यावर कुणीतरी केशरी रुमाल बांधला होता आणि तोंडात दुसरा तुकडा होता.

गुरुद्वाऱ्याच्या दारात पोचायला साडेअकरा वाजले. बाबांनी आयुष्यभर घोकलेलं वाक्य पहिल्या स्वयंसेवकाला ऐकवलं: "मुझे ग्रंथालय के प्रमुख से मिलना है." तो पोरगेला माणूस मिरवणुकीच्या पाण्याच्या बाटल्या उचलत होता. म्हणाला, लायब्ररी आज बंद, ती बघणारे मोहिंदर सिंग अंकल सेवेला बसलेत, जोडाघरात.

जोडाघर म्हणजे चपला ठेवायची खोली. लाकडी खिडकी, मागे छतापर्यंत कप्पे, आणि खिडकीत सत्तरीच्या पुढचे, पांढरीशुभ्र दाढी, निळा फेटा, जाड हातांचे एक सरदारजी. जोडे घ्यायचे, पितळी बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, जोडे द्यायचे. समोर रांग रस्त्यापर्यंत. आयुष्यभर पीच आणि आलुबुखार पिकवलेला हा माणूस त्या गुरुद्वाऱ्याचं ग्रंथालय सांभाळत होता.

बाबांनी रांग मोडली. सरळ खिडकीवर जाऊन वही ठेवली.

"ये जूती नहीं है जी," सरदारजी म्हणाले.

"मालूम है. किताब है. हमारे नांदेड के बैरागी पर."

सरदारजींचा हात थांबला. "कौन बैरागी?"

"बंदा बैरागी."

"बैरागी नहीं जी," ते हळू, पण टणक आवाजात म्हणाले. "बाबा बंदा सिंघ बहादुर."

इथं दुसरा कुणीही गप्प बसला असता. बाबांनी बोट वर केलं. ते बोट मी ओळखते, त्यानंतर तास संपायची घंटाच वाचवते. "नांदेड में तो बैरागी ही था. हमारी नदी पर उसका मठ था. आपके पास बाद में आया. पहले हमारा था."

मागच्या रांगेत कुजबुज झाली. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दिवस त्यांचा, दार त्यांचं, आणि आम्ही त्यांच्या सेनापतीवर हक्क सांगायला सनीव्हेलहून आलेलो. "सॉरी अंकल, बाबांना तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हणाले.

"मला तसंच म्हणायचं होतं," बाबा मराठीत म्हणाले.

सरदारजी रागावले नाहीत. त्यांनी एका मुलीचे लाल बूट कप्प्यात ठेवले, तिला बिल्ला दिला आणि मग बाबांकडे बघितलं. "मास्टरजी, बैरागी तो नांदेड में ही ख़तम हो गया. गुरु साहिब के सामने बैठा और बोला, मैं आपका बंदा, आपका सेवक. वहाँ से जो उठा वो दूसरा आदमी था. आप ही के गाँव में हुआ जी, आपको नहीं दिखा?"

बाबांचं बोट खाली आलं. हे मी तारीख घालून लिहून ठेवायला हवं होतं. पंधरा वर्षांत कुणी या वहीवर त्यांच्याशी वाद घातला नव्हता. आम्ही सगळे हो हो म्हणत आलो, किंवा उठून गेलो. वाद घालायला आधी ऐकावं लागतं.

"अंदर आओ," सरदारजी म्हणाले. "आज मेरा कोई हाथ बँटाने वाला नहीं. बात भी करेंगे."

आणि अशा रीतीनं आठवड्यातल्या माझ्या एकमेव मोकळ्या दिवशी मी तीन तास लोकांचे जोडे उचलले. रेवा बिल्ले देत होती आणि खिडकीमागे स्टुलावर बसून बाबा बोलत होते. डोळ्यांची गरज नव्हती, सगळं पाठ होतं. सरहिंदच्या लढाईची वेळ आली तेव्हा बाबांनी जमिनीवर हात फिरवून हाताला येतील ते जोडे ओढले. काळे जाड बूट म्हणजे सरहिंदच्या सुभेदाराच्या तोफा. मोठ्या हिरव्या गमबुटांची जोडी म्हणजे हत्ती. समोर पातळ रबरी सपाता, हे आपले शेतकरी, हातात भाले आणि काठ्या. कोपऱ्यात एकटी कोल्हापुरी, ती बाबांची स्वतःची, टेकडीवर उभा बंदा.

"ये भाग गए," बाबांनी काही स्नीकर्स मागे सारले. "लूट के वास्ते आए थे, तोफ़ सुनी, भाग गए."

"और ये?" सरदारजींनी सपातांकडे बोट दाखवलं.

"ये नहीं भागे."

"सर, दोज आर माय शूज," खिडकीतून एक उंच तरुण काकुळतीनं म्हणाला. त्याचे हत्ती होते. सरदारजी म्हणाले, दो मिनट पुत्तर, लड़ाई ख़तम होने दे. तो थांबला. त्याच्या मागचेही वाकून बघत थांबले.

मग बाबांनी जमिनीचं सांगितलं. सरहिंद पडल्यावर बंद्यानं जमीनदार हटवले आणि कसेल त्याला जमीन दिली. सरदारजी हातातला बूट धरून ऐकत राहिले. म्हणाले, त्यांचे आजोबा इथं आले तेव्हा आपल्यासारख्यांना या राज्यात जमीन विकत घेता येत नव्हती. कायदाच होता. दुसऱ्याच्या नावावर बाग, आणि घाम आपला. "दादाजी शाम को यही क़िस्सा सुनाते थे. ज़मीन वाला."

बाबांनी वही त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, झालं काम. आता तीन तासांत घरी, मग अंघोळ आणि झोप.

सरदारजींना मराठी येत नव्हतं, पण लिपी वाचता येत होती. गावांची नावं शोधत ते पानं उलटत गेले. समाना. सरहिंद. लोहगड. मग पानं कोरी. त्यांनी शेवटपर्यंत उलटून पाहिलं.

"गुरदास नंगल कहाँ है? दिल्ली?"

म्हणजे शेवट. आठ महिन्यांचा वेढा, उपासमार, पिंजऱ्यातून दिल्ली, आणि तिथलं मरण.

बाबा म्हणाले, "आँख चली गई. बाकी याद है. लिखनेवाला नहीं मिला."

ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. त्यांना मी नीट दिसतही नव्हते. पण मी तिथं कुणाचे तरी चिखलाचे बूट धरून उभी होते, आणि मे महिन्यापासून सहा महिने दर शुक्रवारी ते विचारत होते, "गौरे, बसायचं का लिहायला?" आणि मी म्हणत होते, या वीकेंडला नको बाबा, पुढच्या. मला त्यांचा राग येत होता तो या प्रश्नाचाच होता, हे मला त्या खोलीत कळलं आणि फार वाईट वाटलं.

सरदारजींनी वही मिटली, रुमालानं पुसली आणि दोन्ही हातांनी बाबांना परत दिली. "मास्टरजी, जीत पर रुकी हुई किताब मैं नहीं रखूँगा. उन्होंने जान दी, वो पन्ने ख़ाली कैसे रखूँ? पूरी करके लाओ."

बाबांनी मान हलवली. परत येताना ट्रॉलीत त्यांनी कुणालाच नांदेड सांगितलं नाही. गाडीत व्हॅकाव्हिलपर्यंत एक शब्द नाही. सकाळी मी ज्या शांततेसाठी तडफडत होते ती मिळाली होती आणि मला ती एक मैलही सोसवेना.

"बाबा, गुरदास नंगलला पुढे काय झालं?"

"आधी गाडी चालव," ते म्हणाले. "पुढे ट्रक आहे."

सोमवार ते गुरुवार, चार संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. मी टाइप करते म्हटलं तर नाही, वहीतच, पेननं. माझं देवनागरी अक्षर कॉलेज सुटल्यापासून वाण्याच्या यादीपुरतं उरलंय. एक ओळ लिहून वाचून दाखवायची, ते एक शब्द बदलायचे, मी खोडायची. धान्य संपलं, गवत संपलं, झाडाची साल संपली. मी चिडत होते, ते चिडत होते, रेवा समोर गृहपाठाचं ढोंग करत ऐकत होती. गुरुवारी आम्ही दिल्लीला पोचलो. बंद्याच्या चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मांडीवर मारलं, ते वाक्य मला लिहिता येईना. पेन खाली ठेवलं.

"लिही," बाबा म्हणाले.

"नाही जमत."

"मलाही नव्हतं जमत. डोळे तर आत्ता गेले. ते पान त्याच्या आधी दोन वर्षं कोरं होतं."

मग आम्ही दोघांनी मिळून ते लिहिलं. साडेतीन ओळी. त्यानंतर बाबांनी वहीचा पुठ्ठा चाचपला आणि लाल शाईत लिहिलेलं 'नांदेडचा बैरागी' मला खोडायला लावलं. "वर लिही, बंदा. खाली लिही, नांदेड. बाकी काही नको."

शुक्रवारी ते गेले. सोमवारी मी वही युबा सिटीला पाठवली, पोचपावतीसकट.

प्रवासाचा हिशेब विचाराल तर एक टाकी पेट्रोल, टोल, आणि पार्किंगला दिलेले रेवाचे वीस डॉलर, जे मी अजून दिलेले नाहीत. गाव बघितलंच नाही, मिरवणूक तर नुसती ऐकली. जायचं असेल तर बुटांऐवजी जुन्या चपला घाला आणि पोट रिकामं ठेवून जा.

तीन आठवड्यांनी मोहिंदर सिंगांचा व्हॉइस मेसेज आला. वही मिळाली, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. पण तिला बंद ठेवून काय उपयोग, मराठी इथं कुणाला येत नाही. रविवारी दहा-बारा म्हातारे जमतात. "बेटी, आप आकर पढ़ के सुना दो. हिंदी में समझाती जाना. पहले पन्ने से."

पहिल्या पानापासून! दोनशे दहा पानं, दर रविवारी तीन तास जाणं, तीन तास येणं. मी वैतागून नांदेडला फोन लावला आणि बाबांना सांगितलं की हे तुमच्यामुळे, आता माझे सगळे रविवार गेले.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पहिलं पान हळू वाच," ते म्हणाले. "तू ते कधी ऐकलं नाहीस."